मिरेरानीच्या टेकड्यांत

नैरोबी सोडून दक्षिणेकडे निघालेला हमरस्ता नमंगाच्या नाक्यावर केनियाचा निरोप घेतो, आणि तेथून पुढे टांझानियाच्या हद्दीत, लाँगिडोच्या डोंगराजवळून जात, मेरू पर्वताच्या पायथ्याशी वसलेल्या अरुशा शहराला जाऊन मिळतो. हा सारा मुलूख मसाई पशुपालकांचा. पावसाळा संपून बरेच दिवस लोटले होते. गवत पिवळे पडून जमिनीला टेकले होते, सपाट माथ्याच्या बाभळींखाली गुरे दाटीने उभी होती, आणि खांद्यावरून तांबडे वस्त्र घेतलेले उंच, शिडशिडीत गुराखी हातातील काठीवर भार देऊन आमच्या मोटारीकडे शांतपणे पाहत होते. दुपार कलल्यावर ढगांतून मेरूचा माथा वर आला, त्याच्या उतारांवरील कॉफीचे मळे व केळीच्या बागा दिसू लागल्या, आणि दिवसभर कोरडी लागलेली हवा एकाएकी ओलसर व गार झाली. या प्रदेशात येणारे बहुतेक प्रवासी वन्य पशूंच्या दर्शनासाठी किंवा किलिमांजारोच्या शिखरासाठी येतात. मला ओढ होती ती जगाच्या पाठीवर केवळ एकाच टेकड्यांच्या रांगेत सापडणाऱ्या निळ्याजांभळ्या रत्नाची, टांझानाइटची. आणि ते रत्न ज्या भूमीतून निघते तिच्या पदरात त्याचे काय उरते हे जमल्यास स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याची.

आपल्याकडे रत्ने म्हटली की नवरत्ने मनात येतात, आणि नवरत्नांच्या पाठोपाठ नवग्रह. माणिक सूर्याचे, मोती चंद्राचा, पोवळे मंगळाचे, पाचू बुधाचा, पुष्कराज गुरूचा, हिरा शुक्राचा, नीलम शनीचा, गोमेद राहूचा आणि लसण्या केतूचा, ही वाटणी पिढ्यान्‌पिढ्या इतकी पक्की झालेली आहे की सराफाच्या पेढीवर खडा पसंत करणारे गिऱ्हाईक पुष्कळदा रंगापेक्षा पत्रिकेलाच अधिक मानते. नीलम अंगठीत बसवण्यापूर्वी काही रात्री उशाखाली ठेवून तो लाभतो की बाधतो हे अजमावणारी माणसे आजही आपल्या घरांतून आढळतात. टांझानाइटला या मंडळात स्थान मिळण्याचा संभवच नव्हता, कारण १९६७ सालापर्यंत रत्न म्हणून त्याची कोणास ओळखच नव्हती. त्याच्यावर कोणत्याही ग्रहाचा अंमल नाही, कोणत्याही प्राचीन राजवंशाच्या जामदारखान्यात त्याची नोंद नाही. कृष्णेच्या काठी कोल्लूरला निघालेल्या हिऱ्यांनी शहेनशहांचे मुकुट सजवले आणि ज्या गावांनी ते हिरे दिले त्यांच्या खाणी ओस पडल्या. परंतु तो इतिहास आता दप्तरांतून वाचावा लागतो. टांझानाइटचा इतिहास मात्र हयात माणसांच्या आठवणीतला आहे, आणि रत्नाच्या जन्मभूमीचा हिशेब येथे अजून चुकता व्हायचा आहे.

अरुशातील घड्याळाच्या मनोऱ्यापासून थोड्या अंतरावर जवाहिऱ्यांच्या पेढ्या आहेत. त्यांपैकी एका पेढीचे वृद्ध मालक मूळचे काठेवाडचे. त्यांचे आजोबा जर्मनांचा अंमल संपल्यानंतर या गावात आले. मी मुंबईकडचा आहे असे कळताच त्यांनी, "या भाई, बसा, आधी चहा घ्या," असे म्हणून गादीवर जागा करून दिली आणि चहा संपल्याखेरीज खड्याचा विषय काढला नाही. मग त्यांनी तिजोरीतून कागदाची एक पुडी काढली, तिच्या घड्या एकेक करून उलगडल्या आणि आतील खडा चिमट्याने उचलून माझ्या तळहातावर ठेवला. तो पैलू न पाडलेला, करंगळीच्या पेराएवढा स्फटिक होता. त्याच्या अंगावर उभ्या बारीक रेघा होत्या आणि एका टोकाला ग्राफाइटचा काळा डाग होता. खिडकीकडे धरला तेव्हा तो गडद निळा दिसला. शेटजींच्या सांगण्यावरून मी तो आडवा फिरवला, तोच निळाई ओसरून त्यात जांभळी झाक भरली. आणि तिसऱ्या बाजूने पाहिला तेव्हा निळा नाही, जांभळा नाही, तांब्याच्या जुन्या भांड्यासारखा तपकिरी-तांबूस रंग त्यातून डोकावला. एकाच स्फटिकातून तीन दिशांना तीन रंग दिसण्याच्या या गुणास खनिजशास्त्रात त्रिवर्णता म्हणतात. स्फटिकाची रचना तिन्ही अक्षांवर निरनिराळी असल्यामुळे प्रकाशाचा कोणता अंश आत शोषला जावा आणि कोणता बाहेर पडावा हे प्रत्येक दिशेस वेगवेगळे ठरते, हे त्याचे कारण.

"हा अजून भट्टीत गेलेला नाही," शेटजी म्हणाले. "भट्टीत गेला की हा तांबडा रंग जाईल. राहील तो निळा आणि जांभळा. बाजारात लोक त्यालाच ओळखतात."

शेटजींचे म्हणणे शास्त्राला धरूनच होते. टांझानाइट हा झोइसाइट नावाच्या खनिजाचा पारदर्शक प्रकार असून कॅल्शियम व ॲल्युमिनियम यांच्या सिलिकेटाने तो बनलेला आहे, आणि व्हॅनेडियम या धातूचा अत्यल्प अंश त्यात मिसळल्यामुळे त्यास रंग चढतो. भूगर्भातच पुरेशी उष्णता मिळून निळे झालेले खडे अधूनमधून सापडतात खरे, पण खाणीतून निघणाऱ्या बहुतेक खड्यांत तपकिरी छटा असते. ते सुमारे ५०० ते ६०० अंश सेल्सिअसपर्यंत सावकाश तापवले की ती छटा नाहीशी होते आणि आलेला निळा रंग कायमचा टिकतो. रानावर वीज पडून वणवा पेटला, आणि आग विझल्यावर गुरे चारणाऱ्या मसाईंना राखेत निळे खडे चमकताना दिसले, अशी एक कथा विक्रेत्यांच्या पत्रकांतून नेहमी सांगितली जाते. ती घडली असेल किंवा नसेल. अग्नीवाचून या रत्नाचे रूप पूर्ण होत नाही, एवढे सत्य तिच्यात आहेच. पैलू पाडून सिद्ध झालेला एक खडा शेटजींनी त्यानंतर दाखवला, तेव्हा आमच्या परसातील कुंपणावर श्रावणात फुलणाऱ्या गोकर्णाची मला तीव्रतेने आठवण झाली: तीच निळाई, आणि कडांशी तीच जांभळी लहर.

या रत्नाच्या शोधाची हकीकत ऐकताना मराठी माणसाचे मन विशेष हलावे असे त्यात काही आहे, कारण ज्याच्या नावाने त्याचा पहिला हक्क सरकारदरबारी नोंदला गेला तो मनुएल डिसोझा गोव्याचा होता. पोर्तुगीज अमलातील गोव्यात पोटापाण्याची साधने अपुरी पडल्यामुळे तेथील असंख्य कुटुंबांनी मुंबईची वाट धरली, आणि मुंबईहून जहाजांनी मोंबासा, झांझिबार व दारेसलाम गाठून ही माणसे पूर्व आफ्रिकेत पसरली. कोणी कचेरीत कारकून झाले, कोणी स्वयंपाकी, कोणी वादक, तर पुष्कळांनी शिवणकामाचा धंदा पत्करला. डिसोझा अरुशात शिंपी होता. शिवणयंत्रापुढची बैठक सोडून सवड मिळेल तेव्हा तो रानात खनिजे धुंडाळीत हिंडत असे. १९६७ च्या जुलै महिन्यात मिरेरानी येथील टेकडीवर त्यास निळे पारदर्शक स्फटिक आढळले, आणि त्याच महिन्यात त्याने जमिनीवरील आपला हक्क खाणखात्याच्या दप्तरात रीतसर नोंदवला. आपल्या हाती काय लागले आहे याविषयी तो आरंभी अंधारातच होता. तो खडा प्रथम ऑलिव्हीन समजला गेला, पुढे इतर खनिजांची नावे घेतली गेली, आणि दोदोमा येथील सरकारी भूवैज्ञानिकांकडे व अमेरिकेतील जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूटमध्ये तपासणी झाल्यावर तो झोइसाइट असल्याचे निश्चित झाले. ऑस्ट्रियातील डोंगरात सापडलेल्या आणि १८०५ साली झिग्मुंड झोइस या सरदाराचे नाव लाभलेल्या या खनिजाकडे तोवर कोणी पारदर्शक रत्न म्हणून पाहिले नव्हते.

हे नमुने न्यूयॉर्कला पोचले तेव्हा टिफनी या विख्यात पेढीचे हेन्री प्लॅट यांनी त्यांचे मोल तत्काळ ओळखले. ज्या देशात हे रत्न निघते त्याचेच नाव त्यास द्यावे असे ठरवून १९६८ साली त्यांनी ते टांझानाइट या नावाने बाजारात आणले. एका नवस्वतंत्र आफ्रिकी देशाचे नाव अशा रीतीने जगभरच्या आभूषणांत पोचले, आणि पुढे २००२ साली अमेरिकेतील रत्नव्यापाऱ्यांच्या संघाने डिसेंबरात जन्मलेल्यांच्या खड्यांमध्ये त्याची भर घातली. पण डिसोझाच्या नशिबी हे वैभव नव्हते. १९६९ साली मोटारीच्या अपघातात त्याचा अंत झाला.

डिसोझाने हक्क नोंदवला, हे दप्तरावरून सिद्ध होते. त्याच्याआधी तो खडा कोणाच्या हाती पडला, हा प्रश्न दप्तराने सुटत नाही. अली जुयावातू या मसाई पशुपालकास तो प्रथम दिसला आणि त्यानेच डिसोझाला ती जागा दाखवली, अशी एक हकीकत आहे. जुमाने न्गोमा या टांझानियन गृहस्थाचे सांगणे असे की १९६७ च्या आरंभीच त्याने हे खडे गोळा करून तपासणीस पाठवले होते. टांझानियाच्या सरकारने १९८० च्या दशकात न्गोमाचा दावा मान्य करून त्यास दाखला दिला, आणि २०१८ साली राष्ट्राध्यक्ष जॉन मागुफुली यांनी त्यास दहा कोटी शिलिंगांचे पारितोषिक जाहीर केले. पुढल्याच वर्षी तो वारला. मला या तिघांत वैर दिसत नाही. रानाची खडान्‌खडा ओळख असलेला गुराखी, आपल्या भूमीतील वस्तूचे महत्त्व ताडणारा गावकरी आणि कायद्याच्या भाषेत अर्ज लिहू शकणारा परका शिंपी, या तिघांचा हात लागल्याखेरीज हा खडा टेकडीवरून जगापुढे आला नसता. परंतु वसाहतींच्या काळापासून चालत आलेल्या कायद्यात मान होता तो अर्जाला. पाहणाऱ्या डोळ्याला त्यात जागा नव्हती. न्गोमाच्या वाट्याला आलेला उशिराचा सन्मान हे त्या जुन्या उणिवेचे अंशतः परिमार्जन होय, असे मी मानतो.

अरुशाहून मिरेरानीस जाताना मोशीच्या रस्त्याने पूर्वेकडे जाऊन किलिमांजारो विमानतळाच्या फाट्यावर दक्षिणेकडे वळावे लागते. फाटा सोडला की हिरवाई संपते. डावीकडे, पहाट असेल तर, ढगांवर तरंगणारे किलिमांजारोचे हिमाच्छादित शिखर दिसते. पुढे पसरलेली असते सिमांजिरोची सपाट, तापलेली माळजमीन. मिरेरानीच्या टेकड्या उंचीने अगदीच सामान्य आहेत आणि दुरून पाहणाऱ्यास त्यांच्या पोटात काही असेल अशी शंकाही येत नाही. परंतु या टेकड्यांखालचे खडक पृथ्वीच्या फार जुन्या उलथापालथीचे साक्षी आहेत. आज आफ्रिकेच्या पूर्व अंगाने उत्तर-दक्षिण पसरलेला जो मोझांबिक पट्टा आहे, तो भूखंडांच्या टकरीतून घडत असताना, सुमारे ५८ कोटी वर्षांपूर्वी, येथील ग्राफाइटयुक्त पट्टिताश्मांत तप्त द्रव घुसले. खडकांना घड्या पडल्या, त्या घड्यांत पोकळ्या राहिल्या, आणि त्या पोकळ्यांत कॅल्शियम, ॲल्युमिनियम व व्हॅनेडियम यांचा योग जुळून हे स्फटिक वाढले. असा योग पृथ्वीवर अन्यत्र कोठे जुळल्याचे आजवर आढळलेले नाही. ज्या पट्ट्यात टांझानाइट मिळतो तो सुमारे ७ किलोमीटर लांब व २ किलोमीटर रुंद एवढाच आहे.

त्या पट्ट्याभोवती आता भिंत आहे. खाणींतून निघालेला बराचसा माल नोंदीवाचून व महसूल न भरता देशाबाहेर जातो, म्हणजे ज्या नमंगाच्या वाटेने मी आलो त्या आणि तशाच इतर वाटांनी सरहद्द ओलांडतो, हे ध्यानी घेऊन मागुफुली यांनी २०१७ साली भिंत बांधण्याचा हुकूम सोडला. लष्कराने अवघ्या काही महिन्यांत सुमारे २४ किलोमीटर लांबीची भिंत उभी केली आणि एप्रिल २०१८ मध्ये तिचे उद्घाटन झाले. आत जाण्यास एकच दरवाजा आहे. माझा परवाना तेथील अंमलदाराने दोनदा वाचला, नोंदवहीत नाव लिहून घेतले आणि खिसे तपासून आत सोडले. बाहेर पडताना तर बुटांचे तळसुद्धा पाहिले. संध्याकाळी काम संपवून घरी निघालेल्या मजुरांची रांग त्या दरवाजापाशी लागते, आणि प्रत्येकाची झडती होईपर्यंत ती मुकाट्याने पुढे सरकते. राष्ट्राची संपत्ती राष्ट्राच्या खजिन्यात यावी, हा त्या भिंतीमागील हेतू मला सर्वस्वी रास्त वाटतो. परंतु जो जिवावर उदार होऊन जमिनीच्या पोटात उतरतो त्याच्यावरच संशयाचा पहिला भार पडावा, याचे मला तेथे उभे असताना मनापासून दुःख झाले.

खाणींच्या वाटपाची पूर्वपीठिका येथे सांगणे अवश्य आहे. डिसोझाने हक्क नोंदवला त्याच वर्षी, फेब्रुवारी १९६७ मध्ये, राष्ट्राध्यक्ष ज्यूलियस न्येरेरे यांनी अरुशाच्या जाहीरनाम्याने समाजवाद व स्वावलंबन ही राष्ट्राची नीती म्हणून घोषित केली होती, आणि तिला अनुसरून १९७१ साली मिरेरानीच्या खाणी सरकारने आपल्या ताब्यात घेतल्या. पुढे सरकारी व्यवस्थापन ढिले पडले, हजारो लोक आपापल्या जबाबदारीवर खणू लागले, आणि १९९० साली हा पट्टा अ, ब, क व ड अशा चार भागांत विभागण्यात आला. ब व ड हे भाग लहान खाणकामगारांच्या वाट्यास आले. सर्वांत मोठा क भाग यंत्रसामग्री असलेल्या कंपनीकडे गेला. शेजारच्या जमिनीवर कंपनीचे पोलादी मनोरे उभे असताना इकडे माणसे दोरावर लोंबकळत भुयारात उतरत होती, हे विषम दृश्य येथे वर्षानुवर्षे दिसत आले.

ब भागातील एका खाणीच्या तोंडाशी मला उभे राहू दिले. लाकडी ओंडक्यांनी आधार दिलेले, पुरुषभर रुंदीचे ते विवर तिरपे खाली जात होते, आणि आत वारा ढकलणाऱ्या यंत्राची रबरी नळी त्याच्या काठावरून अंधारात शिरली होती. खालून घंटेची खूण आली, दोर ताणला गेला, आणि थोड्या वेळाने एकेक करून माणसे वर आली. ग्राफाइटच्या पुडीने त्यांचे चेहरे, हात, केस, पापण्यासुद्धा माखून गेल्या होत्या, आणि त्या पुडीला उन्हात शिशासारखी चकाकी आल्यामुळे ती माणसे धातूची घडवलेली वाटत होती. या कामगारांना येथे 'वानाअपोलो' म्हणतात; अपोलो यानातून चंद्रावर गेलेल्या माणसांच्या साहसाचे स्मरण त्या नावात आहे. त्यांच्यापैकी बहुतेकांना ठरावीक पगार नसतो. खाणीचा मक्तेदार त्यांना जेवण, म्हणजे मक्याच्या पिठाचा उगाली आणि घेवड्याची उसळ, आणि लागणारी अवजारे देतो. खडा सापडला तर त्याच्या विक्रीत त्यांना वाटा मिळतो, न सापडला तर महिनोन्‌महिने कष्ट वाया जातात. एका तरुणाने तोंडावर पाणी मारून झाल्यावर मला हात दाखवला. तळव्याला घट्टे पडले होते, आणि दोन नखांच्या खाली ग्राफाइट इतके खोल मुरले होते की ते आता निघणे शक्य नव्हते. कधी मोठा खडा मिळाला का, असे मी दुभाष्याकरवी विचारले. "माझ्या मामाला मिळाला होता," तो म्हणाला, "त्याने शेत घेतले. मी बहिणीच्या शाळेची फी भरतो आहे. खडा मिळाला की तिला अरुशाला पाठवीन." हे सांगताना त्याच्या स्वरात तक्रार नव्हती.

या भुयारांचा धोका किती मोठा आहे हे एप्रिल १९९८ मध्ये व पुन्हा मार्च २००८ मध्ये जगाने पाहिले. दोन्ही वेळी मुसळधार पावसाचे पाणी टेकड्यांवरून एकाएकी खाणींत शिरले. एका खाणीची भुयारे शेजारच्या खाणीच्या भुयारांना जाऊन भिडलेली असल्यामुळे ते पाणी आतल्या आतच पसरत गेले आणि कित्येक डझन माणसांना वर येण्याची वाटच मिळाली नाही. न्यूयॉर्क, टोकियो किंवा मुंबईत मखमलीच्या डबीत ठेवलेल्या खड्याची किंमत कॅरटच्या हिशेबाने लिहिली जाते; या मृत्यूंची नोंद त्या हिशेबात कोठेच होत नाही.

अशा या टेकडीने कधीकधी उदारपणाही दाखवला आहे. २००५ साली क भागात तीन किलोहून अधिक वजनाचा एक प्रचंड स्फटिक निघाला आणि किलिमांजारोच्या दुसऱ्या शिखरावरून त्यास 'मावेंझी' हे नाव मिळाले. परंतु मिरेरानीतील लोकांच्या तोंडी आज नाव आहे ते सानिनिऊ लायझर या मसाई खाणमालकाचे. जून २०२० मध्ये त्यास ९.२७ किलो व ५.१ किलो वजनाचे दोन खडे सापडले. ते सरकारने ७.७४ अब्ज शिलिंगांना विकत घेतले, आणि राष्ट्राध्यक्षांनी स्वतः दूरध्वनी करून त्याचे अभिनंदन केले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यास सहा किलोहून मोठा तिसरा खडा मिळाला. आपल्या गावाजवळ शाळा बांधण्याचा संकल्प त्याने जाहीर केला. स्वतः शिकू न शकलेल्या या माणसाने संपत्ती हाती येताच प्रथम मुलांच्या शिक्षणाचा विचार बोलून दाखवावा, ही गोष्ट मला त्या खड्यांच्या वजनापेक्षा मोठी वाटते. आणखी एक गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे: भिंत व सरकारी खरेदी यांमुळे लायझरला आपला माल चोरट्या दलालाच्या गळ्यात न बांधता, उजळ माथ्याने, पुऱ्या किमतीस विकता आला.

खडा खाणीतून निघाला म्हणजे त्याचा प्रवास संपत नाही, आणि खरे मूल्य त्यास पुढेच चढते. वर्षानुवर्षे हे मूल्य चढत आले ते आपल्या देशात, जयपुरात. जोहरी बाजाराच्या आसपासच्या गल्ल्यांतून वंशपरंपरेने पैलू पाडणारे कारागीर टांझानाइटवर हात बसवून आहेत, आणि जगात विकल्या जाणाऱ्या टांझानाइटचा फार मोठा भाग त्यांच्या साणेवरून गेलेला असतो. आपल्या कारागिरांच्या या कौशल्याचा मला अभिमान आहे. तथापि कच्चा माल एका देशाने द्यावा आणि त्याचे मोल दुसऱ्याने वाढवावे, ही रीत आपण स्वतः परकीय अमलात भोगलेली असल्यामुळे, टांझानियाने २०१० साली एक ग्रॅमपेक्षा अधिक वजनाच्या कच्च्या खड्यांच्या निर्यातीस बंदी घातली तेव्हा त्यामागील न्याय आपणाइतका दुसऱ्या कोणास कळू नये.

या बंदीचे रचनात्मक अंग मला अरुशातील सरकारी रत्नविद्या केंद्रात दिसले. तेथे तरुण मुलामुलींना पैलू पाडण्याचे शिक्षण दिले जाते, आणि मी गेलो त्या दालनात बहुतेक मुलीच होत्या. त्यांपैकी एकीच्या शेजारी बसून मी तिचे काम पाहिले. काडीच्या टोकाला लाखेने चिकटवलेला खडा तिने फिरत्या चकतीवर अलगद टेकवला. हिरकणीच्या पुडीने माखलेल्या त्या चकतीवर तो क्षणभर घासला, लगेच उचलून तिने तो दिव्यासमोर धरला, डोळा बारीक करून पाहिले आणि पुन्हा टेकवला. तिच्या शिक्षिकेने मला या कामातील मुख्य पेच समजावून दिला. बहुतेक स्फटिकांत निळा रंग स्फटिकाच्या अरुंद बाजूने दिसतो. म्हणून खड्याचे तोंड निळ्या दिशेस ठेवून पैलू पाडले तर रंग उत्तम येतो, पण पुष्कळ वजन साणेवर जाते. जांभळ्या दिशेस ठेवले तर खडा मोठा राहतो, पण त्यास निळ्याइतकी किंमत येत नाही. हा निर्णय पहिला पैलू पडण्यापूर्वी घ्यावा लागतो आणि मागाहून तो फिरवता येत नाही. शिवाय या खनिजास एका दिशेने चटकन दुभंगण्याचा धर्म आहे. चकती अंमळ अधिक तापली किंवा हाताचा दाब चुकला की महिन्याभराच्या कमाईचा खडा फुटतो. त्या मुलीच्या कपाळावर घाम होता, मात्र हात स्थिर होता.

आपल्याकडील ज्या वाचकांना हे रत्न घ्यावेसे वाटेल त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगणे मी कर्तव्य समजतो. टांझानाइटचे काठिण्य मोहच्या मापाने सहा ते सात, म्हणजे नीलमाच्या नवाहून बरेच कमी; म्हणून रोज घरकाम करणाऱ्या हातातील अंगठीपेक्षा कानातल्या कुड्यांत अगर गळ्यातील पदकात त्याची शोभा अधिक काळ टिकते. त्यास एकदम गरम-गार होऊ देऊ नये, कंपनांनी दागिने साफ करणाऱ्या यंत्रात टाकू नये. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ कापड पुरेसे आहे. खडा तापवलेला आहे असे विक्रेत्याने सांगितले तर दचकू नये, कारण बाजारातील बहुतेक सर्व टांझानाइट तापवलेलाच असतो. तो दिवसाच्या उजेडात व दिव्याच्या प्रकाशात अशा दोन्ही वेळी पाहावा. पिवळसर दिव्याखाली त्याची जांभळी छटा वाढते, आणि ज्यास दोन्ही रूपे आवडतील त्यानेच तो घ्यावा.

पाचवी गोष्ट मात्र विक्रेत्यासच विचारण्याची आहे: हा खडा कोणत्या वाटेने आला, त्याचा महसूल भरला गेला काय, आणि त्याचे पैलू कोणी पाडले? हे प्रश्न विचारणारी गिऱ्हाइके वाढली, तर त्यांची उत्तरे देणे पेढ्यांनाही भाग पडेल. मिरेरानीची रांग लहान आहे, तिच्यातील भांडार अमर्याद नाही, आणि खाणी दिवसेंदिवस अधिक खोल व अधिक खर्चाच्या होत आहेत. खडे संपण्याआधी त्या टेकड्यांभोवती शाळा, दवाखाने आणि शिकलेले कारागीर उभे राहिले पाहिजेत, कारण रत्न एकदा निघून गेले की त्या जागी पुन्हा उगवत नाही, पण मुलीच्या हातात आलेली विद्या तिच्यापासून पुढल्या पिढीकडे जाते. म्हणून अरुशात पैलू पाडलेला, रीतसर दाखला असलेला खडा मिळत असेल तर त्यासाठी चार पैसे अधिक मोजावेत असे मी आग्रहाने सांगेन. ती त्या भूमीवर केलेली मेहेरबानी नसून, तिच्या लेकरांच्या श्रमाचे आपल्याकडून निघणारे देणे आहे.